किंग्स कप खेळायचा तर आधी घोट मोजा: नियम, मानकरी आणि नेहमी होणाऱ्या चुका

किंग्स कप या पत्त्यांवर घोट घेत खेळायच्या खेळाचे नियम सगळ्यांना माहीत असतात, पण प्रत्येकाला वेगवेगळे. पुण्याहून आलेल्याची सत्ती निराळी, ठाण्याहून आलेल्याची निराळी, आणि रत्नागिरीचा भाऊ म्हणतो आमच्याकडे सत्तीला काहीच नसतं. पाचव्या-सहाव्या पत्त्याला वाद सुरू होतो, वाद मिटवायला कोणीतरी म्हणतं "जाऊ दे, दोघंही प्या", आणि इथून डाव हाताबाहेर जायला लागतो. गुहागरजवळच्या एका घरी आमचा जुना कंपू दर डिसेंबरात जमतो. तिथे बरीच वर्षं मी पंच म्हणून बसतोय. त्या अनुभवावरून ही पद्धत क्रमाने लिहितो आहे. क्रम बदलू नका. तयारीतलं एक पाऊल राहिलं की पुढे रात्रभर भरावं लागतं.

खेळ थोडक्यात असा. ५२ पत्ते उपडे ठेवून गोल रिंगण करायचं, मधे एक पेला. प्रत्येकाने पाळीपाळीने एक पत्ता उचलून सगळ्यांना दाखवायचा आणि त्या पत्त्याचा नियम पाळायचा. पहिले तीन राजे ज्यांना येतील त्यांनी मधल्या पेल्यात थोडं ओतायचं. चौथा राजा ज्याला येईल त्याने तो पेला प्यायचा आणि डाव संपला.

१. कोण खेळणार, कुठे बसणार

आधी माणसं मोजा. सहा ते दहा जण असले की डाव रंगतो. पाचांच्या आत असाल तर पाळी फार भराभर येते आणि घोट वाढतात. दहाच्या वर असाल तर दोन रिंगणं करा, एकात कोंबू नका.

मग प्रत्येकाच्या पेल्यात काय असेल ते ठरवा. दारू न घेणारा माणूस या खेळात पूर्ण खेळाडू असतो. त्याच्या पेल्यात कोकम सरबत, लिंबू सोडा किंवा साधं पाणी असेल, बाकी सगळे नियम त्याला तेच. "तू नुसता बघ" असं त्याला कधीही म्हणू नका. गर्भवती, लहान मुलाला रात्री सांभाळणारी, झोपेच्या, फिटच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारी, आणि पहाटे गाडी चालवणारी माणसं सरबतावरच राहतील. कारण विचारायचं नाही. मला सरबत म्हटलं की सरबत.

कायद्याचंही सांगतो, कारण सहलीला आलेल्यांना वाटतं की समुद्र दिसला म्हणजे सगळं चालतं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि मद्य सेवनाचा परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा कायमचा मिळतो. गोव्यातून स्वस्त मिळाली म्हणून विनापरवाना आणलेली बाटली सिंधुदुर्गात शिरताच गुन्हा ठरते. किनारा ही सार्वजनिक जागा आहे, तिथे हा डाव मांडायचा नाही. घरगुती मुक्कामाला उतरला असाल तर घरमालकांना आधी फोनवर विचारा. अनेक घरांत देवघर बाजूलाच असतं, म्हातारी माणसं असतात, आणि ती तोंडावर नाही म्हणायला संकोचतात. आयत्या वेळी विचारून त्यांना अडचणीत आणू नका.

आता जागा. पडवी छान वाटते, पण संध्याकाळी समुद्रावरून येणारा खारा वारा रिंगण दहा मिनिटांत विस्कटून टाकतो. रिंगण मोडलं की दंड असतो, म्हणजे वाऱ्याने मोडलं की कोणी मोडलं यावर पुन्हा भांडण. जेवणानंतर वारा पडेपर्यंत थांबा, किंवा सरळ माजघरात चटई टाका. कागदी पत्ते खाऱ्या हवेत ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि एकाऐवजी दोन उचलले जातात. प्लॅस्टिकचे पत्ते घ्या.

> सावध: विहिरीचा कठडा, गच्ची, चिऱ्याच्या उंच पायऱ्या आणि समुद्राकडे उघडणारं फाटक यांपासून दूर बसा. एक घोट घेतलेल्या माणसानेही त्या रात्री पाण्यात पाय घालायचा नाही. अंधारात भरती किती चढली ते कळत नाही.

२. घोट म्हणजे किती, ते चमच्याने ठरवा

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

या खेळातली सगळी शिक्षा घोटात मोजतात. घोट किती मोठा हे मात्र कोणी बोलत नाही. एक जण ओठ ओले करतो, दुसरा तोंडभरून घेतो, आणि दोघांचाही हिशोब "एक घोट" असाच लागतो.

माझं माप १५ मिलिलिटर. चहाचे तीन छोटे चमचे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे खुणांचं प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्यात हे माप नेमकं मिळतं. डाव सुरू होण्याआधी एका रिकाम्या काचेच्या ग्लासात तीन चमचे पाणी घालून तो ग्लास सगळ्यांच्या हातात फिरवा. तळाशी जेमतेम बोटाच्या पेराएवढीही पातळी दिसत नाही. "एवढंसंच?" असं निदान तिघंजण तरी म्हणतात. म्हणू द्या. आता हिशोब करून दाखवा.

आठ जण आहेत आणि पूर्ण गड्डी खेळली असं धरू. खाली दिलेल्या तक्त्याप्रमाणे एक्क्याच्या लाटेचे प्रत्येकी तीन, असे चार एक्क्यांचे १२ घोट झाले. पंजीचे ४. दुर्री, तिर्री, चौकी, सत्ती, नव्वी, दश्शी मिळून २४ पत्ते, प्रत्येकात एकाला एक घोट, आठांत वाटले की माणशी ३. हे झाले १९. मानकऱ्यांचे, जोडीदाराचे आणि राजाच्या नियमांचे आणखी पाच-सहा धरा. एकूण साधारण २५.

आता २५ गुणिले १५ म्हणजे ३७५ मिलिलिटर. पाच टक्क्यांची बिअर असेल तर पोटात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल जातं. आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर २४ ग्रॅम. तीस मिलिलिटरचा पेग सोडा-पाण्याने ३०० पर्यंत वाढवून घेतला असेल तर सव्वा पेग. आणि पेल्यात पाणी-सोडा न घातलेली नीट व्हिस्की असेल, तर ३७५ मिलिलिटर म्हणजे पूर्ण हाफ, १२५ ग्रॅमच्या वर. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. डाव दीड तासाचा. एवढं ऐकल्यावर "एवढंसंच?" म्हणणारे गप्प होतात.

घोट तोंडभरून घेतला तर हेच आकडे तिप्पट होतात. बिअरचे तिप्पट म्हणजे सव्वाअकराशे मिलिलिटर, ६५० मिलिलिटरच्या जवळजवळ पावणेदोन बाटल्या. खेळाच्या नादात त्या कधी गेल्या ते कळतही नाही.

त्यामुळे नियम पक्के ठेवा. या डावात पातळ न केलेली कडक दारू चालणार नाही. व्हिस्की, रम किंवा फेणी असेल तर एकास नऊ पातळ करूनच. माडी या खेळासाठी वापरू नका. ती उतरवल्यापासून आंबतच राहते, सकाळची आणि संध्याकाळची एक नसते, त्यामुळे तिचा हिशोब लागत नाही. हातभट्टीची कधीच नाही. तिच्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीवही जातो.

> तपासा: प्रत्येकाने आपल्या पेल्यातून एक घोट घेऊन पातळी किती उतरली ते दाखवावं. ज्याची जास्त उतरली त्याने पुन्हा चमच्याने मोजून बघावं. हे दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

३. तीन कामं आधी वाटून घ्या

खेळातले मानकरी पत्त्यांवर ठरतात, पण ही तीन कामं पत्ते पिसण्याआधीच द्यायची.

पंच. वाद झाला की त्याचा शब्द शेवटचा, आणि त्याने दहा सेकंदांत निकाल द्यायचा. निकाल चुकला तरी तो त्या डावापुरता चालतो. पंच खेळू शकतो, पण स्वतःच्या बाबतीतला वाद त्याने राखणदारावर सोपवावा.

राखणदार. हा त्या रात्री दारूचा थेंबही घेत नाही. आमच्याकडे गावाच्या वेशीवर गाव राखणारा देव, राखणदार, असतो आणि त्याचा मान मोठा, म्हणून आम्ही हे नाव दिलं. त्याच्याकडे गाडीच्या सगळ्या चाव्या, चार्ज केलेला फोन आणि एक खास अधिकार असतो. तो कोणालाही, कारण न देता, सरबतावर आणू शकतो, आणि त्यावर पंचाकडेही दाद मागता येत नाही. दरवर्षी हे काम वेगळ्याने करायचं. एकाच्याच गळ्यात पडलं की तो यायचाच बंद होतो.

वाढपी. पेले तोच भरणार, बाकी कोणी बाटलीला हात लावायचा नाही. हे साधं वाटतं, पण स्वतःच्या हाताने ओतलेला पेग तीसचा कधीच राहत नाही. वाढप्याने प्रत्येकासमोर पाण्याचा वेगळा तांब्या ठेवावा. कोकमाच्या बाटल्यांवर चिठ्ठी लावावी, कारण आगळ आणि सरबताचा गोड पाक रंगाला सारखेच दिसतात. आगळ खारट-आंबट, सोलकढीसाठी. सरबताचा समजून कोणी तो पाण्यात घालून दिला तर पहिल्याच घोटाला ठसका लागतो.

खाणं या तिघांनी मिळून बघायचं. डाव जेवणानंतर तासाभराने. भात-आमटी, भाकरी, तळलेला बांगडा, जे असेल ते पोटभर झालेलं हवं. रिंगणाजवळ उकडलेल्या शेंगा किंवा काजू ठेवा. खारवलेलं काही ठेवलं की तहान वाढते आणि हात नको त्या पेल्याकडे जातो.

४. पत्त्यांचा तक्ता लिहा आणि भिंतीला लावा

तोंडी ठरवलेलं टिकत नाही. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळ्यांना दिसेल असं लावा. आमचा तक्ता असा:

एक्का: लाट. पत्ता उचलणारा प्यायला लागला की सगळ्यांनी लागायचं. तो थांबला की उजवीकडचा थांबू शकतो, मग त्याच्या उजवीकडचा.
दुर्री: तू. कोणाकडेही बोट दाखवा, तो एक घोट घेईल.
तिर्री: मी. उचलणाऱ्याने स्वतः एक घोट.
चौकी: जमीन. सगळ्यांनी जमिनीला हात लावायचा, शेवटच्याला घोट.
पंजी: सगळे, एकेक घोट.
छक्की: पाणी. सगळ्यांनी अर्धा पेला साधं पाणी.
सत्ती: आभाळ. हात वर, शेवटच्याला घोट.
अठ्ठी: जोडीदार.
नव्वी: यमक. उचलणाऱ्याने एक शब्द द्यायचा, पाळीपाळीने प्रत्येकाने त्याला जुळणारं यमक सांगायचं, अडकलेल्याला घोट.
दश्शी: यादी. उचलणाऱ्याने एक विषय द्यायचा, पाळीपाळीने प्रत्येकाने त्यातलं एक नाव घ्यायचं, अडकलेल्याला घोट.
गुलाम: अंगठ्याचा मानकरी.
राणी: प्रश्नांचा मानकरी.
राजा: नवा नियम, आणि मधल्या पेल्यात ओतणं.

काही पत्त्यांवर बोलायलाच हवं.

लाट मूळ खेळात बिनमर्यादा असते. पहिला जोवर पितो तोवर शेवटचा थांबू शकत नाही, म्हणजे आठव्या माणसाला सात जणांची मर्जी सांभाळत ग्लास रिकामा करावा लागतो. तीन घोटांची मर्यादा घाला. पंचाने मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणावं आणि तीनला सगळे पेले खाली. ही मर्यादा नसेल तर वरचा सगळा हिशोब फुकट.

पंजी आणि छक्की मूळ खेळात "पुरुष" आणि "बायका" अशा असतात. मला तो प्रकार आवडत नाही. सगळेच पुरुष जमले असतील तर पंजीला सगळ्यांना आणि छक्कीला कोणालाच नाही, आणि मिश्र गटात दोनच मैत्रिणी असतील तर त्यांच्यावर सगळ्यांचे डोळे. आम्ही छक्की पाण्याला दिली. गड्डीत चार छक्क्या असतात, म्हणजे चार वेळा सक्तीने पाणी. डावाच्या तब्येतीला याहून चांगला पत्ता नाही.

चौकी आणि सत्तीला आधी पेला खाली ठेवायचा, मग हात हलवायचा. पेला हातात धरून जमिनीला हात लावायला गेलेला माणूस शेजाऱ्याच्या मांडीवर सांडतो. उभं राहायचं नाही.

नव्वीला शब्द नीट निवडा. "पाणी" दिला तर गाणी, राणी, कहाणी, विराणी करत दोन फेऱ्या निघतात. "समुद्र" दिला तर रुद्र आणि क्षुद्र झाले की तिसरा अडकतो. दोन्ही चालतं, फक्त उचलणाऱ्याने स्वतःला निदान दोन यमकं येत असलेलाच शब्द द्यावा. आलेला शब्द परत चालत नाही. पाच सेकंद, मग घोट.

दश्शीला विषयाची व्याख्या आधी सांगा. "कोकण रेल्वेची स्थानकं" हा आमचा आवडता विषय. रोहा, कोलाड, माणगाव, वीर, खेड, चिपळूण, सावर्डे असं करत मडुऱ्यापर्यंत जाता येतं. पण आधीच ठरवा की संगमेश्वर म्हटलं तर चालेल की संगमेश्वर रोडच म्हणायला हवं. "पाण्यातले किल्ले" म्हटलं की सिंधुदुर्ग, जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, उंदेरी इथपर्यंत ठीक. मग कोणी कुलाबा म्हणतं आणि अलिबागची माणसं सांगतात की ओहोटीला तिथे चालत जाता येतं. विजयदुर्ग तर जमिनीला जोडलेलाच आहे. "भरतीच्या वेळी चारी बाजूंनी पाणी" असं एक वाक्य आधी म्हटलं तर हा वाद होत नाही. माशांच्या यादीत एकाच माशाची दोन नावं एकच धरायची, मालवणची मोरी आणि मुंबईची मुशी हे दोन शब्द मिळून एकच उत्तर.

> तपासा: तक्ता लावल्यावर पंचाने कोणत्याही तिघांना एकेक पत्ता विचारावा. तिघांचीही उत्तरं तक्त्याशी जुळली की पुढे जा.

५. पत्ते मोजा, पिसा, मांडा

जोकर बाजूला काढा. मग ५२ पत्ते खरोखर मोजा, आणि चारही राजे आहेत का ते बघा. इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर. सहलीच्या गड्डीत एखादा पत्ता हरवलेला असतोच. राजा हरवला असेल तर डाव संपतच नाही, लोक शेवटच्या पत्त्यापर्यंत पीत राहतात. आमच्याकडे एकदा झालं आहे.

पत्ते नीट पिसा, काटा, आणि पेल्याभोवती गोल मांडा. प्रत्येक पत्ता शेजारच्या पत्त्यावर थोडा चढलेला हवा, म्हणजे रिंगण सलग दिसतं. पत्ता उचलताना ज्याच्या हातून रिंगण तुटेल त्याला एक घोट. वाऱ्याने, मांजराने किंवा डासांच्या अगरबत्तीच्या ताटलीने तुटलं तर कोणालाच नाही, पंचाने परत जोडावं.

पहिला पत्ता सगळ्यात लहान वयाच्याने उचलायचा आणि पाळी उजवीकडे फिरवायची. पत्ता स्वतः आधी बघून मग दाखवायचा नाही. उलटतानाच सगळ्यांना दिसेल असा उलटा. आधी बघून चेहरा तयार करणाऱ्याला चौकी-सत्तीत आघाडी मिळते, आणि हे लोकांच्या लक्षात आलं की पुढचा अर्धा तास टोमण्यांत जातो.

चौथा राजा सरासरी बेचाळिसाव्या पत्त्याच्या आसपास येतो. एका पत्त्याला दोन मिनिटं धरली तर दीड तासाच्या आत डाव उरकतो. रात्री दहाच्या आत संपवायचा असेल तर साडेआठला पहिला पत्ता उचललेला हवा. गावात आवाज लांबवर जातो.

६. मानकरी: गुलाम, राणी, जोडीदार

गुलाम ज्याला आला तो अंगठ्याचा मानकरी. पुढचा गुलाम येईपर्यंत तो कधीही गुपचूप आपला अंगठा चटईच्या कडेवर ठेवू शकतो. ज्याच्या लक्षात येईल त्याने तसंच करायचं. शेवटच्याला घोट. राणी ज्याला आली तो प्रश्नांचा मानकरी. त्याने विचारलेल्या प्रश्नाला ज्याने उत्तर दिलं त्याला घोट. पुढची राणी आली की मान बदलतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे मान कोणाकडे आहे हेच विसरणं. दोन गुलाम येऊन गेले, दोघेही अंगठे ठेवतायत, आणि कोणी कोणाचं बघायचं ते कळत नाही. उपाय सोपा. गुलामाच्या मानकऱ्यासमोर एक करवंटी ठेवा, राणीच्या मानकऱ्यासमोर एक मोठा शिंपला. नवा पत्ता आला की वस्तू हाताने त्याच्याकडे द्यायची. वस्तू ज्याच्यासमोर, मान त्याचा.

अंगठ्याचा डाव कोणी पेला भरत असताना, ताट नेत असताना किंवा उठत-बसत असताना टाकायचा नाही. टाकला तर मानकऱ्यालाच घोट.

राणीबद्दल मात्र मला एक प्रसंग सांगायचाच आहे. काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमचा एक मित्र घाट उतरताना गाडी लागली म्हणून दिवसभर काही खाल्लेलं नसताना डावाला बसला. आम्ही विचारलं नाही. राणी त्याच्या शेजारणीकडे होती. मधेच तिने खरंच काळजीने विचारलं, "अरे, बरं वाटत नाहीये का तुला?" तो हसला आणि ओठांवर बोट ठेवलं. उत्तर दिलं तर घोट पडेल म्हणून तो गप्प राहिला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही मग प्रश्न सोडून दिला. वीसेक मिनिटांनी तो बाथरूमला जायला उठला आणि माजघराच्या उंबऱ्यावर कोसळला. हनुवटी फुटली, तीन टाके पडले. पंच मी होतो. नियम सगळे बरोबर चालले होते, आणि नेमक्या नियमामुळेच तो खरं बोलला नव्हता. ते ओठांवरचं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून तक्त्यावर पहिली ओळ ही असते: तब्येतीचा, जेवणाचा आणि "थांबायचं का" हा प्रश्न खेळाचा नाही. तो कोणीही विचारला, राणीच्या मानकऱ्याने विचारला तरी, उत्तराला घोट नाही. राखणदाराचा कोणताही प्रश्न खेळाबाहेरचा. अशा प्रश्नाचा वापर करून जर कोणी फसवलं, तर त्याचा मान लगेच काढून घ्या, आणि त्या रात्री त्याला परत कोणताही मान नाही.

अठ्ठीचा जोडीदार हा दुसरा घातक मानकरी. अठ्ठी आली की तुम्ही एक जोडीदार निवडता, आणि तुम्हाला घोट पडला की त्यालाही पडतो. मूळ खेळात जोड्या साखळीने वाढतात. अ चा जोडीदार ब, ब चा क, क चा पुन्हा अ. मग एका तिर्रीला तिघं पितात आणि हिशोब सुटतो. आमचा नियम असा की एका माणसाचा एका वेळी एकच जोडीदार. नवी अठ्ठी आली की त्यातल्या दोघांच्याही जुन्या जोड्या तुटतात. जोडीदाराचा घोट त्याच्या जोडीदाराला पुढे लागत नाही. राखणदाराला जोडीदार करता येत नाही. सरबतवाल्याला करता येतं, तो आपलं सरबत पिईल.

> सावध: एकाच माणसाला सगळ्यांनी मिळून दुर्री आणि अठ्ठी मारायचं ठरवलं आहे असं दिसलं की पंचाने तिथेच थांबवावं. एकाच माणसाला लागोपाठ दोनदा दुर्री दाखवता येत नाही, हा नियम तक्त्यावर हवाच.

७. राजा आणि मधला पेला

पहिल्या तीन राजांना दोन गोष्टी करायच्या असतात. एक नवा नियम सांगायचा, आणि मधल्या पेल्यात थोडं ओतायचं.

नियम असा हवा की तो मोडला की लगेच दिसेल. "कोणाचं नाव घ्यायचं नाही", "डाव्या हातानेच पेला धरायचा", "घोट घेतल्यावर 'देवा म्हाराजा' म्हणायचं" हे चांगले. "खोटं बोलायचं नाही" हा वाईट, कारण तपासायचा कसा? कोणाच्या दिसण्यावर, जातीवर, घरच्या गोष्टींवर किंवा अंगाला हात लावण्यावर नियम चालत नाही. कपडे काढणं, समुद्रावर जाऊन येणं, अनोळखी माणसाला फोन करणं, यातलं काही नाही. एका वेळी जास्तीत जास्त तीन नियम चालू ठेवा.

मधल्या पेल्यात मात्र बहुतेक गट मोठी चूक करतात. प्रत्येक राजा आपल्या ग्लासातलं ओततो. पहिला बिअर, दुसरा रम, तिसरा फेणी. चौथ्याच्या वाट्याला येतं ते मोजता न येणारं मिश्रण, आणि तो ते सगळ्यांच्या आरडाओरड्यात एका दमात पितो. आमच्या मधल्या पेल्यात फक्त आगळ, पाणी, चिमूटभर मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची पडते. प्रत्येक राजा यातलं एकेक चमचा घालतो. चौथा राजा आला की त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. सगळ्यांना हवी असते ती मजा यात पूर्ण मिळते आणि नुकसान कोणाचं होत नाही. ज्याला नको असेल त्याने त्याऐवजी सकाळी सगळ्यांसाठी चहा करायचा.

८. कधी थांबायचं

चौथा राजा आला की डाव संपला. "उरलेले पत्ते पण खेळू" हे ऐकू नका. दुसरा डाव त्याच रात्री खेळायचा असेल तर सगळ्यांनी सरबतावर.

मधेच थांबायची वेळ ओळखणं राखणदाराचं काम. माणूस एकच वाक्य पुन्हा सांगतोय, पत्ता उचलताना दोनदा हात चुकतोय, अचानक गप्प झालाय, यातलं काही दिसलं की त्याला सरबतावर आणा. तो नको म्हणेल. तरी आणा.

उलटी झाली किंवा झोप लागली तर कुशीवर झोपवा, पाठीवर कधीच नाही. उलटी घशात अडकते ती पाठीवर झोपवल्याने. एकटं सोडू नका. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. हलवून, हाका मारून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर लगेच १०८ ला फोन. कोकणात वाड्या रस्त्यापासून आत असतात, म्हणून मुक्कामाला पोचल्याबरोबर घरमालकांकडून घराचा नेमका पत्ता, जवळची खूण आणि जवळचं आरोग्य केंद्र कागदावर लिहून घ्या आणि तो कागद तक्त्याशेजारीच लावा. एखाद्या वाडीत रेंज फक्त गच्चीवर किंवा वळणावरच्या आंब्याखालीच येते. ती जागाही त्यावर लिहा.

गाडी कोणीही काढायची नाही, बर्फ संपला म्हणूनही नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि रात्रीचे आपले रस्ते, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. उशिरापर्यंत घेतलेल्याने सकाळी लवकरही गाडी घेऊ नये.

९. आवरताना

चाव्या राखणदाराकडेच राहू द्या, सकाळच्या न्याहारीनंतर परत द्यायच्या. झोपण्याआधी प्रत्येकाने दोन पेले पाणी. बाटल्या आणि झाकणं त्याच रात्री पोत्यात भरा. सकाळी अंगणात अनवाणी फिरणारी मुलं असतात, आणि वाडीच्या कडेला किंवा वाळूत टाकलेली काच कोणाच्या तरी पायात जातेच. पोतं आपल्याबरोबर शहरात न्या, गावात कचऱ्याची गाडी रोज येत नाही.

पत्ते ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा आणि पुन्हा मोजा. ५२ भरले की डबीत ठेवा, वर तक्त्याची घडी, करवंटी, शिंपला आणि खुणांचं ते औषधाचं टोपण.